जोंगाला आधी थांबायला शिकवा

जुनी जोंगा विकत घेणारा माणूस मला ठरलेले चार प्रश्न विचारतो. कुठलं डिझेल इंजिन बसवू? किती इंची टायर चढतील? विंच कोणती घेऊ? आणि ऑलिव्ह ग्रीन रंग कुठे मिळेल? चौथ्याचं उत्तर सोपं आहे. तो रंग लष्कराच्या गाड्यांसाठी राखीव आहे, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम वाचा आणि दुसरा कुठला तरी हिरवा शोधा. बाकी तिन्हींची उत्तरं मी हल्ली देत नाही. उलट विचारतो, "साहेब, गाडी थांबते का?"

बहुतेक जण हसतात. "अरे थांबते की! फौजेची गाडी आहे."

हे "फौजेची गाडी आहे" ऐकून ऐकून कान किटले, म्हणून आज हा लेख. मी ईएमईचा व्हेईकल मेकॅनिक. सध्या मुक्काम लेह. वर्कशॉपच्या दारातून बाहेर पाहिलं की खारदुंग लाचा रस्ता डोंगरावर रेघोट्या ओढल्यासारखा दिसतो. इथे गाडी वर कशी चढली याची चर्चा कोणी करत नाही. चढली नाही तर ती जागेवर उभी राहते, बाकी काही होत नाही. काय व्हायचं ते खाली येताना होतं.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. जोंगा म्हणजे निसान पेट्रोलची साठ मालिका, जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसानच्या परवान्यावर १९६९ पासून १९९९ पर्यंत बनलेली. नावही जबलपूरच्याच आद्याक्षरापासून सुरू होतं. ३,९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जाड चॅसी, पानपाट्यांचं सस्पेन्शन आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. कमांडर साहेबांच्या गाडीपासून रिकॉइललेस तोफ वाहण्यापर्यंत तिने सगळं केलं. १९९१ पासून जिप्सी येऊ लागली आणि जोंगा हळूहळू बीईआर होऊन लिलावात गेली. २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनीने एक घेतल्याचे फोटो सगळीकडे फिरले, त्यानंतर तर माझ्या ओळखीतल्या प्रत्येक पेन्शनर साहेबाला जोंगा हवीशी झाली. हौसेला माझी हरकत नाही. मलाही ती गाडी आवडते. बोनेट उघडलं की प्रत्येक नटापर्यंत हात पोचतो, अशा गाड्या आता बनत नाहीत.

हरकत आहे ती पैसे कुठे जातात याला. आठ-दहा लाख गाडीवर घालणाऱ्या माणसाच्या बिलांची फाइल मी पाहिली आहे. इंजिन, गिअरबॉक्स, टायर, अलॉय, बंपर, दिव्यांची पट्टी, सीट, म्युझिक. ब्रेकच्या नावापुढे "ऑइल बदलले, लायनर चेक" एवढंच आणि काही हजारांचा आकडा.

आता "फौजेत चाललं ते माझ्याकडेही चालेल" या युक्तिवादाकडे येतो, कारण तो सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत पोकळ आहे. फौजेत ती गाडी एकटी चालत नव्हती. तिच्यामागे एक पूर्ण व्यवस्था चालत होती. सकाळी फर्स्ट परेड, वाटेत हॉल्ट परेड, संध्याकाळी लास्ट परेड. ड्रायव्हर चाकाजवळ वाकून ड्रमला हात लावून बघायचा, एक ड्रम बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तिथेच सांगायचा. ब्रेक ऑइल कमी झालं तर नुसतं वरून ओतायचं नाही, गेलं कुठे ते शोधायचं, हे त्याला शिव्या खाऊन शिकवलेलं असायचं. एमटीओ साहेबांची तपासणी वेगळी, वर्कशॉपची वेगळी. ड्रम ब्रेक दर थोड्या दिवसांनी ॲडजस्ट करावे लागतात आणि तिथे ते होत असत. आज तुमच्या गाडीची फर्स्ट परेड कोण घेतं? सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी तीन आठवडे उभी, मग रविवारी मुलांना घेऊन थेट लोणावळा.

आणि वेग. कॉन्व्हॉय मैदानात ताशी चाळीसच्या आसपास चालायचा, डोंगरात त्याच्याही निम्म्याने. एक्स्प्रेसवेवर तुम्ही शंभरने जाता. वेग अडीच पट, म्हणजे ब्रेकने गिळायची ऊर्जा अडीच गुणिले अडीच, सव्वासहा पट. गाडी तीच, ड्रम तेच, लायनिंग तेच, काम सव्वासहा पट. "मी हळूच चालवतो" म्हणणारे मला भेटतात. मग शंभर-सव्वाशे घोड्यांचं टर्बो डिझेल कशासाठी बसवलं, हे मात्र ते सांगत नाहीत.

घाटाचं गणित तर आणखी कडक आहे. खारदुंग ला ५,३५९ मीटर, लेह सुमारे ३,५००. चाळीसेक किलोमीटरच्या रस्त्यात गाडी १,८५० मीटर खाली येते. दोन टनांची भरलेली गाडी एवढं उतरताना जी ऊर्जा सोडते, तिच्यात सुमारे शंभर लिटर गार पाण्याला उकळी येईल. ही सगळी उष्णता कुठेतरी जायला हवी. ती नुसत्या चार ड्रममध्ये घातली आणि वाटेत वाऱ्याने काहीच नेली नाही असं धरलं, तर बिडाच्या ड्रमचं तापमान हजार अंशांच्या पार जाईल. अर्थात तिथवर जात नाही. त्याच्या कितीतरी आधी लायनिंगची पकड सुटते. ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, पेडल खाली खाली जातं. ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते उकळतं, पाइपात वाफ होते आणि वाफ दाबली जाते, दाब पुढे पोचवत नाही. डॉट-३ ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं. हवेतलं पाणी शोषल्यावर मानकाप्रमाणे त्याची मर्यादा १४० पर्यंत घसरते. उंचावर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे उत्कलनबिंदू आणखी खाली. म्हणून डोंगरात ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे आमच्याकडे घोकून घेतात. अर्ध्याहून अधिक काम इंजिनने करायचं, ब्रेकने फक्त वळणाआधी.

आणि इथेच डिझेल इंजिनवाल्यांशी माझं भांडण आहे. पेट्रोल जास्त पिते म्हणून जोंगात डिझेल घालतात, ते मला समजतं. पण त्या एका बदलाने ब्रेकचं तीन बाजूंनी नुकसान होतं आणि गॅरेजवाला त्यातलं एकही बोलत नाही.

पहिलं, इंजिन ब्रेकिंग. पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल बंद केला की सिलिंडर पोकळीविरुद्ध हवा ओढत बसतात, तीच गाडीला मागे खेचते. साध्या डिझेलला थ्रॉटलच नसतो. "डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त म्हणून ते जास्त अडवतं" हा गैरसमज आहे. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते, घेतलेलं बरंचसं परत देते. म्हणून तर मोठ्या ट्रकना एक्झॉस्ट ब्रेक लावावा लागतो. त्यात चार लिटरच्या जागी अडीच लिटरचं इंजिन बसवलंत, म्हणजे उतारावरचा तुमचा सर्वांत भरवशाचा ब्रेक तुम्ही स्वतःच्या हाताने काढून भंगारात दिला.

दुसरं, व्हॅक्यूम. ब्रेकला बूस्टर बसवला असेल, तर तो पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डच्या पोकळीवर चालतो. डिझेलला ती पोकळी मिळत नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बहुधा अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला. तो पंप आहे का, त्याला ऑइल नीट पोचतं का, त्याची नळी कुठे चिमटली आहे का, हे कोणी पाहत नाही. तिसरं, वजन आणि वेग, त्याबद्दल वर बोललोच.

गेल्या सुट्टीत अशी एक जोंगा पाहिली, घाटात डोंगराच्या कडेला घातलेली. चालवणारे आमच्याच जिल्ह्यातले एक निवृत्त सुभेदार साहेब. तीस वर्षं फौजेच्या गाड्या चालवलेला माणूस, गाडी दरीकडे न नेता डोंगराकडे घातली म्हणून सगळे जिवंत आहेत. शेजारी बसलेल्या नातवाचा हात दोन ठिकाणी मोडला. लोक म्हणाले ब्रेक फेल. ब्रेक फेल हा शब्द मला आवडत नाही, तो "देवाची मर्जी" यासारखा आहे, त्यानंतर कोणी काही तपासत नाही. मी गाडीखाली गेलो. डिझेल इंजिनाबरोबर बसवलेल्या व्हॅक्यूम पंपाचा पट्टा जागेवर नव्हता, केव्हा गेला देव जाणे. बूस्टर मेलेला. मागचा एक व्हील सिलिंडर आणि ॲक्सलचं ऑइल सील दोन्ही गळत होती, शू तेलाने काळे. पुढचे शू तापून काचेसारखे चकचकीत झालेले. गाडीत टायर नवे, दिवे नवे, स्टेअरिंगवर चामड्याचं कव्हर. साहेबांनी पेडलवर दोन्ही पाय दिले होते म्हणे. त्यांच्या पायाची ताकद कमी पडली नाही, ती ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या प्रत्येक कडीत कोणी ना कोणी हयगय केली होती. ज्या गॅरेजने इंजिन बसवलं त्यांनी सांगितलं, ब्रेकचं काम आम्हाला दिलंच नव्हतं. आणि ते खरं होतं!

टायरबद्दलही सांगतो, कारण ते गणित तर बोटांवर होतं. ब्रेक चाकाच्या मध्याला पकडतो, रस्ता टायरच्या कडेला ओढतो. टायर मोठा झाला की रस्त्याच्या हातातली तरफ लांब झाली. २८ इंच व्यासाच्या जागी ३१ इंची टायर घातला, तर त्याच पेडलला थांबवण्याची ताकद दहा टक्क्यांनी कमी होते. शिवाय टायर जड, फिरणारं वजन जास्त. शिवाय गिअरिंग उंच होतं, म्हणजे इंजिन ब्रेकिंग पुन्हा कमी. एवढं करून गाडी चिखलात भारी दिसते, फोटोला चार लाइक जास्त.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. हे मागासलेले नाहीत, हे "अपग्रेड" वाले. यांचं एकच उत्तर: "डिस्क टाकून घ्या." कुठल्या तरी पिकअपचे किंवा एसयूव्हीचे नकल, डिस्क, कॅलिपर भंगार बाजारातून आणायचे, एक पट्टी कापून ब्रॅकेट वेल्ड करायचं, जुन्याच मास्टर सिलिंडरला जोडायचं आणि हवा काढून गाडी मालकाच्या हातात. पुढच्या दिवशी फोटो: "फ्रंट डिस्क अपग्रेड डन." हे मला ड्रमवाल्यांपेक्षा जास्त घाबरवतं, कारण ड्रमवाला निदान जपून चालवतो. डिस्कवाल्याला वाटतं आपण सुरक्षित झालो.

डिस्क चांगली यात वाद नाही. तापली तर फुगून पॅडकडे येते, पळून जात नाही. नाल्यातून निघाल्यावर दोन चक्रांत पाणी झटकते. ड्रममध्ये पाणी आणि गाळ अडकून बसतो, अरुणाचलमध्ये नाला ओलांडला की डाव्या पायाने हलका ब्रेक धरून शंभर-दोनशे मीटर ड्रम वाळवायचे हे आम्ही रोज करायचो. पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू लीडिंग असतील, तर पुढे जाताना ते झकास चावतात आणि मागे घसरताना जवळजवळ धरतच नाहीत. चढावर गाडी बंद पडून मागे येऊ लागली की नेमका तेव्हाच हा दोष समजतो. डिस्कला पुढे-मागे सारखंच. म्हणजे डिस्क हवी, पण कशाबरोबर?

ड्रमच्या मास्टर सिलिंडरला डिस्क जोडली की काय होतं ते सांगतो. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम राहावा म्हणून एक व्हॉल्व्ह असतो, साधारण दहा पीएसआयचा. डिस्कला हा दाब म्हणजे पॅड सतत चिकटलेले. गाडी जड पळते, डिस्क तापते, आणि मालक म्हणतो मायलेज का घटलं. तो व्हॉल्व्ह काढून टाकला आणि मास्टर सिलिंडर जुन्या जीपसारखा फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खाली असला, तर ऑइल मागे उतरतं आणि पहिलं पेडल रिकामं जातं. तिथे दोन पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह लागतो. कॅलिपरचे पिस्टन मोठे, त्यांना ऑइल जास्त लागतं, पॅड झिजले की टाकीतली पातळी उतरते, जुनी टाकी त्या मापाची नसते. पेडल खोल जातं म्हणून कोणी मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर घालतो. पेडल वर येतं, मालक खूश, पण दाब पडतो. एक इंची बोअरऐवजी सात अष्टमांश इंची घेतला, तर त्याच पायाला सुमारे तीस टक्के जास्त दाब मिळतो, फक्त पेडलचा प्रवास वाढतो. उलटं केलं तर उलटं होतं. हा हिशेब करूनच सिलिंडर निवडायचा असतो. गॅरेजमध्ये तो "हा फिट बसतो" म्हणून निवडला जातो.

आणि पुढचे-मागचे प्रमाण. आखूड व्हीलबेसच्या गाडीत ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं. मागे ब्रेक जास्त लागला तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी लट्टूसारखी फिरते. हौसेने चारही चाकांना डिस्क घालणाऱ्यांनी हे ओल्या रस्त्यावर अनुभवलं आहे. प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह हा शब्द विचारला, तर निम्म्या गॅरेजांत "ते लागत नाही सर" असं उत्तर येतं.

मग करायचं काय? माझा क्रम सांगतो. तो गॅरेजच्या क्रमाच्या नेमका उलटा आहे.

सगळ्यात आधी आहे तेच ब्रेक मूळ मापाला आणा. फार जणांनी जोंगाचे ड्रम खऱ्या अर्थाने चालताना पाहिलेलेच नाहीत, पाहिलेत ते तीस वर्षं झिजलेले. ड्रम लेथवर घ्या, पण मर्यादेपलीकडे गेलेला ड्रम फेकून द्या, पातळ ड्रम उष्णता धरत नाही आणि तडकतो. नवं लायनिंग ड्रमच्या गोलाईला घासून बसवा, नाहीतर मधली दोन इंचच टेकतात. जुनं लायनिंग काढताना एअर लाइनने धूळ उडवू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुप्फुसात राहते. ओल्या फडक्याने पुसा. व्हील सिलिंडरचे नुसते रबर बदलून भागत नाही, आत गंजाचे खड्डे असतील तर सिलिंडरच नवा. ऑइल सील नवी. तिन्ही होज नवे, दिसायला कितीही बरे असले तरी. जुना होज आतून फुगतो, पाय दिल्यावर दाब जाऊ देतो आणि पाय काढल्यावर परत येऊ देत नाही, मग ते एक चाक ओढत राहतं आणि लोक अलाइनमेंट करत बसतात. पाइप बदलताना साधी तांब्याची नळी लावू देऊ नका. वाकवायला सोपी म्हणून मेकॅनिकला ती आवडते, पण हादऱ्यांनी कडक होऊन तडकते. दुहेरी भिंतीची स्टील किंवा तांबं-निकेलची नळी, तीही डबल फ्लेअर करून. कोकणात राहणाऱ्यांनी स्टीलच्या पाइपांकडे दर पावसाळ्यानंतर बघावं, खारा वारा त्यांना आतून-बाहेरून खातो.

एवढ्यानेच निम्मे लोक म्हणतील, अरे ही गाडी तर थांबते!

मग दुहेरी सर्किट. माझ्या हाताखालून गेलेल्या जुन्या जीप आणि जोंगांत एकच सर्किट पाहिलं आहे. एक सिलिंडर फुटला, एक होज गेला, की चारही चाकं गेली. टँडम मास्टर सिलिंडर म्हणजे पुढचं आणि मागचं वेगळं. एक फुटलं तरी दुसरं उरतं. अमेरिकेत नव्या गाड्यांना हे १९६० च्या दशकाच्या शेवटी सक्तीचं झालं. लाखांच्या विंचपेक्षा मी हा काही हजारांचा सिलिंडर आधी घेईन. तुम्हाला एकच सुधारणा परवडणार असेल तर हीच करा.

त्यानंतर बूस्टर. जिप्सीला तो आहे, पुढे डिस्कही आहे, म्हणून जिप्सीवरून जोंगावर बसलेल्या माणसाचा पाय फसतो. बूस्टर बसवा, पण तो काय आहे हे समजून. व्हॅक्यूम बूस्टर हवेच्या दाबावर काम करतो. एका बाजूला पोकळी, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, मधला पडदा सरकतो. बाहेरची हवाच विरळ असेल तर ढकलणार कोण? लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश, खारदुंग लावर निम्मा. म्हणजे बूस्टरची मदतही जवळजवळ तेवढीच उरते, आणि पेट्रोल गाडीत त्याहूनही कमी. पुण्यात एका अंगठ्याने थांबणारी गाडी वर खिंडीत पूर्ण पाय मागते. दर उन्हाळ्यात मैदानातून स्वतःच्या गाड्या घेऊन येणारे पर्यटक इथे "ब्रेक कडक झालेत" म्हणून वर्कशॉप शोधत फिरतात. कडक काही झालेलं नसतं, मदतनीस अर्धा रजेवर गेलेला असतो. म्हणून ब्रेक असा हवा की बूस्टर मेला तरी माणसाच्या पायाने गाडी थांबावी. उतारावर इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांबद्दल तर काय बोलू. पेट्रोल वाचतं म्हणे.

हे तिन्ही झाल्यावर पुढच्या चाकांना डिस्क. मापाचा मास्टर सिलिंडर, योग्य व्हॉल्व्ह, मागे ड्रम तसेच आणि मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. नकल आणि ब्रॅकेट कापून-वेल्डून केलेलं नको, मशीनवर बनवलेलं हवं. ज्या पट्टीवर ब्रेकचा पूर्ण जोर येतो ती पट्टी गल्लीतल्या वेल्डरच्या अंदाजावर सोडायची नसते. इंजिन, टायर, विंच यांचा विचार त्यानंतर.

कायद्याचंही एक वाक्य. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी पुस्तकातल्या, उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते आणि ते पुस्तकात चढवावं लागतं. न चढवता बदललेलं इंजिन आणि त्यावर झालेला अपघात, याचा विमा कोण भरणार याचा विचार करा. फिटनेसला गाडी नेताना मूळ इंजिन परत बसवणारे महाभाग मला माहीत आहेत. त्यांना सलाम नाही.

राहिले "ओरिजिनल" वाले साहेब. यांचं म्हणणं मी गांभीर्याने घेतो, कारण यातले बरेच गाडीवर खरोखर प्रेम करतात. ते म्हणतात, सिंगल सर्किट ड्रम हाच जोंगाचा इतिहास, तो बदलला की ती जोंगा राहत नाही. ठीक आहे. मग तिला ताशी चाळीसने रविवारी परेडला न्या, म्युझियममध्ये ठेवा, पण हायवेवर दुसऱ्याच्या स्कूटरमागे आणू नका. त्या स्कूटरवाल्याने तुमच्या इतिहासाला संमती दिलेली नाही. जुने सुटे भाग तेल लावून पेटीत ठेवा, तुमचा नातू पुन्हा बसवील. आणि फौजेने तरी ओरिजिनल कुठे जपलं? फौजेने जोंगा काढली आणि पुढे डिस्क असलेली जिप्सी घेतली.

काम झाल्यावर चाचणी तुम्ही स्वतः घ्या, गॅरेजच्या गेटपर्यंतची नव्हे. रिकामा सपाट रस्ता, आधी वीसने, मग चाळीसने, मग साठने. गाडी सरळ थांबते की एका बाजूला ओढते? मग साठवरून लागोपाठ दहा वेळा थांबवा. दहाव्या वेळी पेडल पहिल्याइतकंच वर आणि थांबण्याचं अंतर साधारण तेवढंच हवं. खाली उतरून चारही चाकांचं तापमान बघा, हजार-दीड हजारात इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो. एखादं चाक गार असेल तर ते काम करत नाही, फारच गरम असेल तर ते सुटत नाही. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली सरकलं तर बूस्टर जिवंत.

हँडब्रेकचं राहिलं. जुन्या जीपमध्ये आणि जोंगात तो चाकांना नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टला असतो. चाक बदलायला मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरेन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी उतरंडीला लागते. जॅक लावण्याआधी खालच्या बाजूच्या चाकाला दगड, नेहमी.

ज्यांना मास्टर सिलिंडर निवडायचा आहे त्यांनी चार गोष्टी मोजून लिहा: आत्ताचा बोअर, पुढच्या-मागच्या व्हील सिलिंडरचा किंवा कॅलिपर पिस्टनचा व्यास, पेडलच्या तरफेचं प्रमाण आणि टायरचा खरा व्यास, साइडवॉलवरचा नव्हे, टेपने मोजलेला. नुसतं "सर, कुठला डिस्क किट घेऊ" असं विचारलंत तर उत्तर देणार नाही. इथे नेट रात्री नऊनंतर जरा बरं चालतं, तेव्हा एक-दोन दिवस उशीर होईल.